शुश्रूषा करणाऱ्यांचा शीण

गेल्या वर्षी इयत्ता नववीच्या वर्गात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्राचा विषय निघाला होता. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची सेवा करीत तेथेच राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तला, असे मी सांगत होते. १९४० सालच्या एका दीर्घ लढाईत त्यांनी बहात्तर तास डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया केल्या, हा त्यांच्या चरित्रातला प्रसिद्ध प्रसंग आहे. तो सांगताना शिक्षकाचा स्वर आपोआप चढतो. माझाही चढला असावा. तोच मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "बाई, बहात्तराव्या तासाला ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याचे काय झाले?"

वर्ग हसला. मला मात्र उत्तर सुचेना. मुलीच्या प्रश्नात थट्टा नव्हती. तिची आई परिचारिका असून रात्रपाळी आटोपून सकाळी घरी येते, हे मला मागाहून कळले. त्यागाच्या कथा सांगताना आपण तासांची संख्या मोठ्या अभिमानाने मोजतो. परंतु त्या तासांचा भार ज्या हातांवर पडतो, त्या हातांचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

कोटणीस ज्या सैन्यात काम करीत होते, त्याच सैन्यात त्यांच्या आधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून होते. १९३९ सालच्या एका लढाईत त्यांनी एकूणसत्तर तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शस्त्रक्रिया करीत असता त्यांच्या बोटाला जखम झाली, तिच्यातून विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबरला त्यांचा अंत झाला. हातमोजे नव्हते, औषधे अपुरी होती. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत असत व त्यातच ते गेले. या दोघांचे मृत्यू केवळ श्रमामुळे झाले असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि दोघांच्याही भोवती जखमींची रांग संपत नव्हती आणि त्यांची जागा घेण्यास दुसरे कोणी तयार नव्हते, एवढे निश्चित.

शीण आणि शीण यांत फरक असतो. आमच्या घरच्या कोंकणीत शरीर थकले म्हणजे 'पुरासाण' म्हणतात आणि एखाद्या गोष्टीवरून मनच उडाले म्हणजे 'वाज आयलो' म्हणतात. पुरासाण झोपेने जाते. वाज झोपेने जात नाही. वैद्यकाच्या अभ्यासकांना हाच भेद शब्दांत पकडावयास पुष्कळ काळ लागला. न्यूयॉर्क येथील एका विनामूल्य दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली आपल्या सहकाऱ्यांच्या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव दिले. तेल सरून वात करपावी, तशी ही अवस्था. उत्साहाने सेवेत शिरलेली माणसे काही महिन्यांत कोरडी, चिडखोर आणि कठोर होतात, असे त्यांना आढळले होते. पुढे कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली या अवस्थेचे मोजमाप करण्याची एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: भावनांचा साठा आटणे, समोरच्या मनुष्याला मनुष्य न मानता 'खाट क्रमांक अमुक' असे मानू लागणे आणि आपल्या हातून काही भले होते यावरचा विश्वास उडणे.

यांतली मधली गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटते. ज्याला आपण रुग्णालयात 'उर्मट' किंवा 'दगडाच्या काळजाचा' म्हणून नावे ठेवतो, तो कदाचित एके काळी सर्वांत हळवा असेल.

'कम्पॅशन फटीग' हा याच्या शेजारचा, पण वेगळा शब्द. मराठीत त्याला 'करुणाश्रांती' म्हणावे. परिचारिकांच्या संदर्भात तो १९९२ साली कार्ला जॉइन्सन यांनी वापरला आणि १९९५ साली चार्ल्स फिग्ली यांच्या ग्रंथामुळे तो रूढ झाला. बर्नआउट हळूहळू साचतो, आणि त्याच्या मुळाशी कामाचा बोजा, अपुरी साधने, वरिष्ठांची बेपर्वाई अशी कारणे असतात. करुणाश्रांती ही दुसऱ्याचे दुःख सतत अंगावर घेतल्याने येते. कधी एखाद्याच प्रसंगानंतर एकाएकी येते. जखम रुग्णाला झालेली असते, पण स्वप्ने परिचारिकेला पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची गणना रोगांत केलेली नाही. ती कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था मानली आहे. याचा अर्थ असा की, तिचा इलाज एकट्या थकलेल्या माणसाकडे मागणे बरोबर नव्हे.

नागरी रुग्णालयातही हे सारे घडते. मग सैन्यातील डॉक्टर व परिचारिका यांचा निराळा विचार का करावयाचा?

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य डॉमिनिक लारे यांनी जखमींची निवड करण्याची एक पद्धत घालून दिली. जखम जितकी गंभीर, तितका उपचाराचा अधिकार आधी. हुद्दा किंवा मानमरातब पाहावयाचा नाही. ही पद्धत न्यायाची आहे. परंतु जखमी शेकडो आणि टेबले दोन असली, म्हणजे या निवडीला एक काळी बाजू येते. वाचण्याची आशा नाही असा जो ठरतो, त्याला बाजूला ठेवावे लागते. तो ठरविणारा डॉक्टर चोवीस-पंचवीस वर्षांचा असू शकतो, आणि बाजूला ठेवलेला जवान काल रात्री त्याच्याच पंगतीला जेवलेला असू शकतो. शांततेच्या काळात डॉक्टरला असा निर्णय क्वचितच घ्यावा लागतो. युद्धात तो एका दिवसात वीस वेळा घ्यावा लागतो.

दुसरी अडचण कर्तव्याची. डॉक्टर म्हणून तो रुग्णाचा, पण अधिकारी म्हणून तो सैन्याचा. एखाद्याला बरे करावयाचे ते पुष्कळदा पुन्हा त्याच आघाडीवर धाडण्यासाठी. आपण शिवलेली जखम महिन्याभराने दुसऱ्या जागी पुन्हा शिवावी लागणे, यातला विषाद बाहेरच्याला कळणे कठीण. शिवाय शत्रूपक्षाचा जखमीही त्याच मायेने सांभाळावयाचा असतो. १८६४ च्या जिनिव्हा कराराने ते बंधन घातले आहे, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने आपला मित्र मारला, त्याचे डोके मांडीवर घेऊन पाणी पाजणे हे करार वाचण्याइतके सोपे नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण लाजेची. 'मी थकलो' हे शब्द सैन्यात सहजी उच्चारता येत नाहीत. ते भ्याडपणाच्या फार जवळचे वाटतात.

या लाजेवर एका सैनिकी डॉक्टरनेच बोट ठेवले. चार्ल्स विल्सन हे पहिल्या महायुद्धात १९१४ ते १९१७ या काळात इंग्रजांच्या रॉयल फ्युझिलिअर्स पलटणीचे डॉक्टर होते. पुढे ते लॉर्ड मोरान झाले व चर्चिल यांचे वैद्य म्हणून प्रसिद्धी पावले. खंदकातल्या अनुभवांवर त्यांनी 'द ॲनाटॉमी ऑफ करेज' हे पुस्तक लिहिले. ते १९४५ साली प्रसिद्ध झाले. धैर्य ही पेढीतील ठेवीसारखी वस्तू आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रत्येक मनुष्याची ठेव ठराविक, आणि युद्धात ती रोज खर्च होत राहते. ज्याची ठेव संपली तो भित्रा नव्हे. तो खर्च करून चुकलेला असतो. मला वाटते, करुणेलाही हाच हिशेब लागू पडतो. फरक इतकाच की, करुणेची ठेव विश्रांतीने, सोबतीने व झोपेने काही अंशी पुन्हा भरते. मात्र ती भरण्याला वेळ द्यावा लागतो.

त्याच युद्धात खचलेल्या सैनिकांसाठी डॉक्टरांनी एक साधा उपचार शोधला होता: आघाडीच्या जवळच, लवकर, थोडे दिवस झोप, गरम अन्न, आणि 'तू बरा होशील' हा दिलासा. गंमत अशी की, दुसऱ्याला विश्रांती लिहून देणाऱ्या त्या डॉक्टरांना ती कोण लिहून देणार, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी विचारलाच नाही.

आता आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका व्यक्तीकडे वळू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की, हातात दिवा घेतलेली, खाटांमधून रात्री फिरणारी मूर्ती डोळ्यांसमोर येते. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या अडतीस परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील इंग्रजांच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रायमियातून जहाजे भरभरून जखमी व आजारी येत होते. त्या हिवाळ्यात तेथे चार हजारांवर सैनिक मेले, आणि त्यांतले बहुसंख्य जखमांनी नव्हे, तर हगवण, पटकी व ज्वर यांनी मेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे बेचाळीस मृत्यू, अशी नोंद आहे. परिचारिकांच्या परिश्रमात कसूर नव्हती. करुणाही उणी नव्हती. इमारतीखाली मैल्याने तुंबलेली गटारे होती, हवा खेळत नव्हती, पाणी दूषित होते. मार्च महिन्यात आरोग्य-आयोगाची माणसे आली. त्यांनी गटारे उपसली, पाण्याचे मार्ग साफ केले, भिंतींना चुना दिला, वाऱ्याला वाट करून दिली. उन्हाळा येईपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शंभरी दोनपर्यंत खाली आले.

या आकड्यांत आपल्या विषयाचे मर्म आहे. गटार तुंबलेले असता परिचारिकेने दुप्पट जागरण केले, तरी रुग्ण मरतो आणि परिचारिकाही खचते. तिच्या करुणेचा असा अपव्यय करणारी व्यवस्था हेच तिच्या शिणाचे मोठे कारण असते.

नाइटिंगेल स्वतः मे १८५५ मध्ये क्रायमियात तापाने मरणोन्मुख झाल्या. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी परतल्या. नंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्याने त्यांनी मृत्यूंचे आकडे तपासले, तेव्हा गटारांचा आणि मृत्यूंचा संबंध त्यांना पुरता उमगला. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्या कोसळल्या आणि पुढील कित्येक वर्षे त्यांनी बहुतांशी अंथरुणावरूनच काम केले. क्रायमियातील ताप पुढे जुनाट झाला असावा, असे आजचे काही वैद्य मानतात. आपण ज्यांची शुश्रूषा केली ते टाळता येण्याजोग्या कारणाने आपल्या डोळ्यांदेखत मेले, या जाणिवेचा तो आघात होता, असे एका चरित्रकाराचे मत आहे. मला ही दोन्ही मते एकमेकांना छेद देणारी वाटत नाहीत. ताप शरीराला येतो. पण त्याच शरीराला रात्री आठवणीही येतात.

त्या बिछान्यावरून त्यांनी जे लिहिले त्यात शुश्रूषेवरील एक छोटे पुस्तकही आहे. त्यातल्या एका प्रकरणाचा विषय आपल्याला येथे फार उपयोगी आहे: आपण हजर असताना जे करतो, ते आपण हजर नसतानाही होईल अशी योजना करणे. जी परिचारिका 'माझ्यावाचून येथे काही चालत नाही' असे अभिमानाने म्हणते, तिची योजना फसलेली आहे, असा त्याचा रोख आहे. दिवा घेतलेल्या मूर्तीपेक्षा हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लावावे, असे मला कधी कधी वाटते. (मुख्याध्यापक परवानगी देतील की नाही, ते निराळे!)

२०२० साली करोनाच्या साथीत आपल्या सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर व परिचारिका नागरी रुग्णांसाठीही उभ्या राहिल्या. दिल्लीत एक हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय त्यांनी चालविले. तेव्हा टाळ्या वाजल्या, थाळ्याही वाजल्या. परंतु अंगभर आच्छादन चढवून तासन् तास पाणीही न पिता उभे राहणाऱ्याला टाळीपेक्षा दुसऱ्या पाळीचा माणूस वेळेवर येणे अधिक मोलाचे असते. पाळ्या नेमलेल्या असणे, झोपेचे तास आज्ञेत लिहिलेले असणे, कठीण दिवसानंतर बरोबरच्या माणसांशी मोकळे बोलता येणे, आणि वरिष्ठाने स्वतः विश्रांती घेऊन दाखविणे, ही सारी औषधपेटीइतकीच आवश्यक साधने होत.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. बहात्तराव्या तासाच्या त्या सैनिकाचे नाव कोणत्याही चरित्रात मला आढळले नाही. पण कोटणीसांविषयीची एक गोष्ट मी त्या दिवशी वर्गात सांगावयास विसरले होते, ती मागाहून तिला सांगितली. बेथ्यून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली त्यांच्याकडे आले, तेव्हा ते केवळ शस्त्रक्रिया करीत राहिले नाहीत. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली होती, तेथील वैद्यकीय शाळेत ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि त्यांच्यासाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. "म्हणजे त्यांना दुसरे हात तयार करायचे होते," ती म्हणाली, आणि घंटा झाल्यामुळे आपल्या वर्गाकडे निघून गेली.