सिकलसेलच्या मुलाला दिव्यांग निधी मिळेल का?

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. त्याला सिकलसेल आहे. नगर परिषदेच्या दिव्यांग निधीतून मदत मिळते म्हणतात. पण तो तर चालतो-फिरतो. अर्ज करावा का?
– एक आई, ब्रह्मपुरी

उत्तर : ताई, जरूर करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजारही आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नाही, याचं फार वाईट वाटतं. मात्र रक्ताच्या अहवालात ‘एएस’ असेल, म्हणजे तो नुसता वाहक असेल, तर लाभ नाही.

‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) नोंदणी करा, मग शासकीय रुग्णालयात तपासणी होईल. जाताना इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा अहवाल, रक्त चढवल्याच्या नोंदी, डिस्चार्ज कार्डं, सगळं न्या. त्या दिवशी मुलगा ठणठणीत दिसेल. त्याने सोसलेल्या कळा डॉक्टरांना या कागदांतूनच कळतील.

तपासणीनंतरच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं, की नगर परिषदेत अर्ज द्या आणि पोच घ्या. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे, तेव्हा संकोच नको. प्रमाणपत्राची एक प्रत कॉलेजातही द्या आणि परीक्षेच्या सवलतींची चौकशी लगेच करा.