फडातील विजेचा खांब : पाहणी कशी करावी



बेणे, खत, पाणी आणि आंतरमशागत यांविषयी या पानावर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. तो म्हणजे आपल्या फडात उभा असलेला विजेचा खांब. त्याला खत-पाणी लागत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु सोळा-अठरा महिने जपलेला अडसाली ऊस घटकाभरात जाळून टाकण्याची ताकद त्यावरच्या तारेत असते. आणि त्यावर चढणाऱ्या वायरमनचा जीवही त्या खांबाच्या बुडावरच अवलंबून असतो. तेव्हा खांबांची तपासणी करणारा माणूस काय पाहतो, आणि त्यातले आपण काय पाहावे, एवढाच आजचा धडा.

खांबालाही वय असते

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. त्यापुढील काळात खेडोपाडी आणि विहिरी-विहिरींवर वीज पोहोचली. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. मंडळ गेले, पण त्या वेळचे जुने खांब कोठे कोठे अजून उभे आहेत. आपल्या शिवारात मुख्यतः दोन प्रकारचे खांब दिसतात : लोखंडी (गर्डरचे, रुळाचे किंवा नळीचे) आणि सिमेंटचे. लोखंडाला गंज चढतो. सिमेंटच्या खांबाला चीर पडली की पाणी आत शिरते, आतल्या सळया गंजतात आणि वरचे सिमेंट सुटू लागते. दोहोंचे दुखणे बहुधा एकाच जागी सुरू होते, ते म्हणजे जमिनीलगत.

टेंभी नाक्यावरचा पाठ

आपल्या गटातील एका सभासदाचा मुलगा ठाण्यास खांब-तपासणीच्या कामावर आहे. कारखान्याच्या कामानिमित्त आम्ही ठाण्याला गेलो असता त्याने टेंभी नाक्यावर रस्त्याच्या दिव्यांचे खांब दाखवून आपले काम समजावून सांगितले. आम्ही सवयीने मान वर करून पाहू लागलो, तर तो म्हणाला, "साहेब, वर मागाहून बघू. खांब वरून मरत नाही, बुडातून मरतो." आणि तो खाली वाकला.

त्याचा क्रम असा. प्रथम बुडाभोवतीचा कचरा-माती बाजूला करून जमिनीपासून वीतभर वरचा आणि थोडा खालचा भाग पाहायचा. रंग फुगला आहे काय, गंजाचे पापुद्रे सुटतात काय, पाणी साचते काय, हे बघायचे. शहरात फरशी खांबाला अगदी भिडवून बसवतात. तेथे पाणी अडते आणि गंज आतल्या आत खातो. मग दूर उभे राहून खांब ओळंब्यात आहे की कलला आहे ते पाहायचे. त्यानंतर जोडपेटीचे झाकण आणि अर्थिंगची तार. सर्वांत शेवटी वरचा भाग. प्रत्येक खांबाला क्रमांक असतो. तो लिहून त्यापुढे शेरा मारायचा. टेंभी नाका म्हणजे आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाची जागा. त्या नऊ दिवसांत तेथे पाय ठेवायला जागा नसते. अशा ठिकाणी एक खांब जरी पडला, तरी काय होईल याचा विचार करावा. पाहणारा बरोबर असेल तर काहीच घडत नाही. म्हणून या कामाचे नावही कोणी घेत नाही.

अमेरिकेत वीजवाहिन्यांना अजून लाकडी खांब मोठ्या प्रमाणात आहेत. तेथील तपासनीस खांबाभोवती सुमारे दीड फूट खोल खणतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, शंका आली तर बारीक भोक पाडून आतले लाकूड कुजले आहे काय ते पाहतो. गरजेच्या ताकदीपैकी दोन तृतीयांशच उरली, की खांब बदलायचा किंवा त्याला आधार द्यायचा, असा तेथला दंडक आहे. तरीही नजर चुकली की काय होते ते ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियात दिसले. जवळजवळ शंभर वर्षे जुन्या वाहिनीच्या मनोऱ्यावरील एक लोखंडी आकडा झिजून तुटला, तार सुटली, ठिणगीने वणवा पेटला, पॅराडाइज हे गाव जळाले आणि ८५ माणसे दगावली. २०२० साली त्या वीज कंपनीने न्यायालयात मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. आकडा हाताएवढाही नव्हता!

आपल्या फडात काय घडते

आता आपल्या रानाकडे येऊ. खांबाची साधारण एक षष्ठांश लांबी जमिनीत असते. म्हणजे ८ मीटरचा खांब सुमारे साडेचार फूट आणि ९ मीटरचा ५ फूट आत. त्याच्या अगदी जवळून नांगर किंवा सबसॉयलर चालविला, किंवा सरीचे पाणी सतत बुडाशी मुरले, की माती ढिली होते आणि खांब कलतो. खांब कलला की गाळ्यातल्या तारेला झोळ पडतो. उन्हाळ्यात तार तापून लांबते व झोळ आणखी वाढतो. वारा सुटला की दोन तारा एकमेकींना घासतात, ठिणग्या पडतात, खाली वाळलेले पाचट असतेच. आग वरून पडलेली दिसते, पण तिची सुरुवात बुडातून झालेली असते.

उंचीचाही हिशेब पाहा. भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये शेतातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासून किमान उंची ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट सांगितली होती. रस्ता ओलांडताना ती लघुदाबाला ५.८ आणि उच्चदाबाला ६.१ मीटर. चांगला अडसाली ऊस शेंड्यासह १२ ते १४ फूट सहज जातो. म्हणजे सर्व काही नियमाप्रमाणे असले तरी मध्ये हात-दीड हाताचेच अंतर उरते. झोळ पडल्यास तेही राहत नाही.

आणखी एक अडचण फक्त उसातच येते. मोठ्या बांधणीनंतर ऊस दाटला की खांबाचे बूड दिसत नाही व वायरमनला तेथपर्यंत जाता येत नाही. म्हणून पाहणीची वेळ पिकाच्या वेळापत्रकात बसविली पाहिजे :

१. लागणीपूर्वी : रान मोकळे असताना प्रत्येक खांबाचे बूड पाहावे. खांबाभोवती व ताणाभोवती चारही बाजूंनी निदान ५ फूट जागा नांगरटीतून व लागणीतून सोडावी.

२. मोठ्या बांधणीपूर्वी : अडसालीस साधारण डिसेंबरात, सुरूस मे-जूनमध्ये. खांब कलला आहे काय, ताण सैल आहे काय, खांबापाशी पाणी साचते काय, हे पाहावे. खांबापर्यंत जाणारी एक सरी मोकळी ठेवावी.

३. मार्च महिन्यात : तारांचा झोळ दुरून पाहावा. लोंबकळणाऱ्या तारेखालील पाचट काढून घ्यावे.

४. तोडणीपूर्वी : टोळीच्या मुकादमाला तार कोठे खाली आली आहे ते दाखवून द्यावे. उसाने भरलेली ट्रॉली अशा तारेखालून नेऊ नये.

दिसले ते कागदावर लिहावे : गट नंबर, खांबाचा क्रमांक, डीपीचे नाव, दोष व तारीख. अर्ज महावितरणच्या शाखा कार्यालयात देऊन पोच घ्यावी. तातडीचे असल्यास १९१२ या क्रमांकावर कळवावे.

हे मात्र करू नये

आपण पाहायचे, हात लावायचा नाही. ठोकणे, खणणे, चढणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, आणि तोही वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करून व तारा अर्थ करूनच चढतो. झोळ वर ढकलण्यासाठी बांबू लावू नये. खांबाला किंवा ताणाला जनावर बांधू नये; इन्सुलेटर फुटला असल्यास लोखंडी खांबात प्रवाह उतरतो. ओल्या रानात हा धोका फार. बांधावर पेटविलेल्या पाचटाची धग खांबाला लागू देऊ नये. तार तुटून पडली असेल तर ती मेलेली आहे असे कधीही समजू नये.

दुर्दैवाने आग लागलीच, तर

प्रथम माणसे व जनावरे बाहेर काढावीत आणि महावितरणला कळवून वीज बंद करवावी. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आगीवर पाणी मारू नये. त्यानंतर तलाठी, पोलीस ठाणे व महावितरण यांना कळवून पंचनामा करून घ्यावा. तुटलेली तार, फुटलेला इन्सुलेटर जागचा हलवू नये. आगीचे कारण ठरविणारा अधिकारी वेगळा असतो, तो म्हणजे राज्य शासनाचा विद्युत निरीक्षक. भरपाईच्या प्रकरणात त्याच्या अहवालाला महत्त्व असते. पूर्वी दिलेल्या अर्जाची पोच जवळ असली, तर आपली बाजू भक्कम होते. त्याच दिवशी गट कार्यालयासही कळवावे. जळालेला ऊस जितका उभा राहील तितके वजन व उतारा घटतो. म्हणून तोड लवकर लावणे सर्वांच्याच हिताचे.

शहरात खांब पाहायला पगारी माणूस असतो. शिवारात वायरमन एक, गावे अनेक आणि खांब शेकडो. पण प्रत्येक खांबाशेजारी दररोज उभा राहणारा एक माणूस असतोच, तो म्हणजे शेतकरी. तरी सभासदांनी येत्या लागणीपूर्वी आपल्या फडातील प्रत्येक खांबाचे बूड एकदा वाकून पाहावे आणि दोष आढळल्यास अर्जाची एक प्रत गट कार्यालयात द्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी