दलदलीचे मोल

एखाद्या गोष्टीला बाजारात भाव नसला म्हणजे तिला मोलही नाही, असे समजण्याची चूक सहज घडते. या दृष्टीने चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरीचे उदाहरण उद्बोधक आहे. या वस्तीलगत पल्लिकरणईची दलदल पसरली आहे. सुमारे २५० चौरस किलोमीटर क्षेत्रातील तलावांचे जादा पाणी या सखल भागात उतरते, तेथे थबकते आणि ओक्कियम मडुवू या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्यात व पुढे कोवलमच्या खाडीतून समुद्रात जाते. एके काळी ५,००० हेक्टरांच्या आसपास असलेली ही दलदल भराव, रस्ते, इमारती आणि पेरुंगुडीचा कचरा यांखाली आक्रसत गेली.

अशा किनारी परिसंस्थेपासून होणारे लाभ दोन प्रकारचे असतात. मासे, चारा यांसारख्या लाभांची किंमत बाजारभावावरून काढता येते. पुराचे पाणी सामावून घेणे, भूजलाचा साठा भरून काढणे या लाभांसाठी मात्र कोणी पैसे मोजत नाही. त्यांची किंमत अप्रत्यक्षपणेच काढावी लागते. तेच काम करणारा जलाशय बांधण्यास किती खर्च येईल, हे पाहणे हा एक मार्ग. परिसंस्थेमुळे किती नुकसान टळते, हे पाहणे हा दुसरा.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण ओडिशात सापडते. १९९९ च्या महाचक्रीवादळात झालेल्या हानीबाबत भितरकनिका परिसरातील तीन गावांची पाहणी करण्यात आली. खारफुटीच्या आडोशास असलेल्या गावात दर कुटुंबामागे सुमारे ३३ डॉलरांचे नुकसान झाले होते. खारफुटी वा बांध यांपैकी काहीच नसलेल्या गावात हा आकडा ४४, तर केवळ बांध असलेल्या गावात १५४ डॉलर भरला. मानवनिर्मित बांध नैसर्गिक संरक्षणाची जागा घेईलच असे नाही, हे यावरून दिसते.

वेलचेरीत हाच हिशेब उलट बाजूने चुकता करावा लागला. डिसेंबर २०१५ च्या पुरात तेथील रस्ते व घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. पाऊस असाधारण होता, हे खरे. परंतु पाण्याला पसरण्यास पूर्वीइतकी जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे. भराव घातलेल्या भूखंडाची किंमत विकणाऱ्याच्या हाती पडली. गमावलेल्या दलदलीची किंमत मात्र रहिवाशांनी बुडालेली मजुरी, भिजलेले सामान आणि घरांची डागडुजी या रूपांत भरली.

२०२२ मध्ये पल्लिकरणईच्या सुमारे १,२४७ हेक्टर क्षेत्रास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. दलदलीचे मोल ठरविण्याचा उद्देश ती विकणे हा नसून, ती बुजविताना कोणाचा खर्च हिशेबातून वगळला जातो, हे दाखवून देणे हा आहे.