चार बोटं वर

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मी एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी वाळूच्या भानगडी निस्तरण्यात गेली असतील. साच्याची वाळू सुटून ओतलेल्या लोखंडात शिरली की कास्टिंगला खड्डे पडतात, माल परत येतो आणि सुपरवायझरच्या नावानं शिमगा होतो. वाळू नको तिथं गेली तर काय करते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही निवृत्तीनंतर कसबा बावड्यातल्या माझ्या घरात चिमूटभर वाळूपायी तीन मासे गेले. दोष वाळूला द्यावा, तर तीही मीच आणली होती.

मे महिन्याच्या सुट्टीत नातवानं फिश टँकचा हट्ट धरला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी आणली. हिशेबानं साधारण ५७ लिटर, पण वरचा काठ सोडला तर पाणी मावतं पंचेचाळीस लिटर. दुकानात तळाला घालायला निळे-गुलाबी खडे होते. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला ते कसे पटावेत? तळाला वाळूच हवी, असं मी ठरवून टाकलं. एका जुन्या सोबत्यानं सिलिका वाळूचं अर्धं पोतं दिलं. साच्यात वापरलेली वाळू मी घेतली नाही, कारण तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. ही वाळू कोरी, पांढरीशुभ्र होती. मात्र तिचा दाणा रव्यासारखा बारीक होता. फौंड्रीत हा गुण, कारण त्यामुळं कास्टिंगचं अंग गुळगुळीत येतं. पेटीत तोच गुण अंगलट आला.

वाळू दोन पाण्यांनी खळबळली. वरचं पाणी अजून दुधट होतं, पण म्हटलं चालतंय. मग बादलीनं वरून पाणी ओतलं आणि सगळी पेटी ताकासारखी झाली. तेव्हा मला शहाणपण सुचलं : फिल्टरचं कामच गाळायचं, मग त्यालाच गाळू दे. आतल्या कोपऱ्यात चिकटवायचा साधा फिल्टर होता, त्याचं तोंड वाळूला टेकलेलं. बटण दाबलं. तासा-दोन तासांत पाणी बरंच निवळलं आणि मी मिशीवर ताव दिला. त्या पाण्यातली वाळू गेली कुठं, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. संध्याकाळपासून फिल्टर घरघरायला लागला. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखणारा मी, घरात म्हणालो, “नवा आहे, रुळेल हळूहळू.”

आठवड्यानं चार गोल्डफिश आणले. जून लागला आणि एका रात्री वाऱ्यानं लाइट गेली, ती पहाटे आली. सकाळी फिल्टरला हात लावून पाहिला, तर तो थरथरत होता, बारीक गुणगुणतही होता. चालू आहे म्हणून मी चहाला बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी नातवानं हाक मारली, “आबा, मासं सारखं वर येऊन तोंड का उघडाय लागल्यात?” संध्याकाळपर्यंत दोन मासे आडवे झाले होते. फिल्टर तेव्हाही गुणगुणतच होता, फक्त पाणी ढकलत नव्हता.

उघडल्यावर काय दिसलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना नुसत्या पाठ कराव्या लागणार नाहीत. या छोट्या फिल्टरच्या मोटरीला बाहेर येणारा शाफ्ट नसतो. तारेची गुंडाळी प्लॅस्टिकात बंद केलेली असते. तिच्या मधोमध एक खोबण असते आणि त्या खोबणीत पाती लावलेलं चुंबक सुईएवढ्या पिनेवर फिरतं. यालाच इम्पेलर म्हणतात. त्याला तेल-ग्रीस नसतं. भोवतीचं पाणीच वंगण आणि तेच त्याला गार ठेवतं. चुंबक आणि खोबण यांच्यातली फट जेमतेम असते. तिच्यात वाळूचा दाणा शिरला, की इम्पेलर फिरत असेपर्यंत तो दाणाही फिरतो आणि पॉलिश पेपरसारखा सगळं घासत राहतो. मोटर थांबली की तो खाली बसतो आणि पाचरीसारखा अडकतो. मोटरीचा जोर तो उठवण्याएवढा नसतो. म्हणून वाळू गेलेला फिल्टर चालू असेपर्यंत तग धरतो, पण एकदा बंद पडला की उठत नाही. लाइटीनं फिल्टर बिघडला नव्हता. तो आधीच बिघडलाय, एवढं लाइटीनं दाखवून दिलं.

खरी चूक मात्र मी त्यानंतर केली. घाईघाईनं फिल्टर सोडवला आणि आतला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळून धुतला. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. माझ्याकडं ती नुकती कुठं बसत होती, तिला मी क्लोरिनच्या पाण्यानं अंघोळ घातली. चौथ्या दिवशी तिसरा मासा गेला. पंचेचाळीस लिटरला चार गोल्डफिश ही मुळातच गर्दी होती, हेही कबूल करतो.

या सगळ्यात माझं मन एका गोष्टीपाशी अडलं. बावड्यातच महापालिकेचं फिल्टर हाऊस आहे. पाणी गाळण्याच्या अशा केंद्रांत शेवटची गाळणी वाळूचीच असते. आधी तुरटीनं गढूळपणा खाली बसवतात, मग उरलेलं पाणी वाळूच्या थरातून झिरपवतात आणि थर तुंबला की खालून उलटं पाणी सोडून तो धुतात. तीच वाळू तिथं पाणी गाळते आणि माझ्या घरी तिनंच गाळणी बंद पाडली. फरक एवढाच, की तिथं वाळू ठरलेल्या जागी बसलेली असते. मी मात्र तिला पाण्याच्या वाटेवर आणून ठेवलं होतं.

वाळू आणतानाच

दाणा बारीक साखरेएवढा घ्या, रव्याएवढा नको. साखरेएवढा दाणा उडाला तरी लगेच खाली बसतो, रव्याएवढा तरंगत फिल्टरच्या तोंडापर्यंत जातो. बांधकामाची क्रश सँड घेऊ नका. तिच्यात दगडाची पूड फार आणि दाणे धारदार असतात. कोकणात गेलात म्हणून किनाऱ्यावरची पिशवीभर आणू नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, त्यानं पाणी जड होतं. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर ती वाळू कुंडीला द्या.

वाळूतून एक चुंबक फिरवायचं विसरू नका. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आलेल्या वाळूत मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण असतात. हे कण फिल्टरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि नुसत्या पाण्यानं सुटत नाहीत. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वाळूतून चार-पाच वेळा फिरवलं की ते वर येतात.

धुताना सगळी वाळू एकदम घेऊ नका. दोन-दोन तांबे वाळू बादलीत घ्या, पाण्याचा जोर लावा, हातानं ढवळा, वरचं पाणी सांडा. तांदूळ धुतो तसंच, पण तांदळाला तीन पाणी पुरतात, वाळूला दहा-पंधरा लागतात. शेवटचं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरा. आरपार दिसलं तरच थांबा. पेटीत थर इंच-दीड इंचाचा पुरे. फार जाड थर खाली कोंदतो आणि त्याला वास सुटतो. तळाखाली जाळी बसवायचा फिल्टर असेल, तर वाळूचा नादच सोडा, तिथं खडेच हवेत.

पाणी भरताना

वाळूवर जेवणाची ताटली ठेवा आणि पाणी त्या ताटलीवर हळूहळू सोडा. घरातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन हेच. तरी पाणी थोडं गढूळ झालं, तर फिल्टर चालू करू नका. रात्रभर बसू द्या. मासे अजून आलेले नसतात, मग घाई कसली? पावसाळ्यात आपल्या नळालाच गढूळ पाणी येतं. ते एक दिवस ड्रममध्ये ठेवून वरचंच पाणी घ्या. गाळही बसतो आणि क्लोरिनही बराच उडतो. वर अँटीक्लोरिनचे थेंब टाकले की काळजी नाही.

फिल्टर बसवताना

फिल्टरचं तोंड वाळूपासून किमान चार बोटं वर ठेवा. फिल्टर बसवण्यातली माझी सगळी चूक या चार बोटांची होती. आडवी चार बोटं म्हणजे साधारण तीन इंच. त्या तोंडावर मोठ्या छिद्रांचा स्पंज चढवा. दुकानात याला प्री-फिल्टर म्हणतात. अडचणीत जुना नायलॉनचा मोजा बांधला तरी भागतं, पण तो लवकर तुंबतो, म्हणून त्यावर दोन-चार दिवसांपेक्षा जास्त भरवसा ठेवू नका. पाण्याची धार तळाकडं नको, वरच्या पृष्ठभागाकडं वळवा. धार तळावर आली तर ती स्वतःच वाळू उडवते आणि स्वतःच गिळते.

लहान पेटी असेल, तर मी आता सरळ हवेवर चालणारा स्पंज फिल्टर सुचवतो. त्याची मोटर पेटीबाहेर असते, पाण्यात फक्त नळी आणि स्पंज. वाळूनं जाम व्हायला पाण्यात इम्पेलरच नसतो. एअर पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह घाला. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं.

हात घालण्याआधी

पेटीत हात घालायचा तर आधी प्लग काढा. वाळूसाठीही आणि जिवासाठीही. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोळावरून जमिनीवर ठिबकेल. झाड लावलं, दगड हलवला, तळ साफ केला, की अर्धा तास फिल्टर बंदच राहू द्या. सायफननं घाण काढताना नळी वाळूत खुपसू नका, बोटभर वर धरून फिरवा. घाण हलकी, ती वर येते. वाळू जड, ती खालीच राहते.

पाणी गढूळ असताना फिल्टर बंद का ठेवायचा, हे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाहिलेल्याला लगेच कळेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात, म्हणजे पुराच्या पाण्याबरोबर गाळ निघून जातो. पाऊस सरला की बरगे घालून निवळ पाणी अडवतात. गढूळ असताना वाट मोकळी, निवळल्यावर अडवणूक. मी नेमकं उलटं केलं होतं, गढुळाच्या तोंडीच गाळणी लावली होती.

वाळू गेलीच तर

घरघर ऐकू आली की त्याच दिवशी फिल्टर उघडा. प्लग काढा, इम्पेलर बाहेर ओढा, खोबण जुन्या टूथब्रशनं आणि कान साफ करायच्या काडीनं पुसा. चुंबकावरचे काळे कण चिंधीनं पुसून काढा. पिनेला चर पडली असेल किंवा ती तुटली असेल, तर नवा इम्पेलर घाला, खिळा-सुई लावून जुगाड करू नका, लोखंड पाण्यात गंजतं. स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा दाबून, बस्स. तो पांढरा दिसायची गरज नाही. दरम्यान माशांना एक-दोन दिवस खाणं देऊ नका आणि रोज पाव हिस्सा पाणी बदला.

लाइट जाऊन आली की फिल्टरचा आवाज ऐकू नका, पाण्याकडं बघा. पृष्ठभाग हलतोय का, तरंग उठतायत का? आवाजानं मला दोन दिवस फसवलं, तरंगानं फसवलं नसतं.

चौथा गोल्डफिश अजून आहे. आता तो एकटाच, आणि वाळूही तीच आहे, फक्त पंधरा पाण्यांनी धुतलेली. दिवसभर तो तळाशी तोंड लावून वाळू उचलतो, तोंडातल्या तोंडात चाळतो, खायचं ते ठेवून घेतो आणि दाणे थुंकून देतो. पहिल्या दिवसापासून तो हेच करत होता. मी मात्र तेव्हा फिल्टरचा आवाज ऐकत बसलो होतो.