विलीनीकरणानंतर समभागांचे मूल्य कसे काढावे?

बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागाच्या शहरात भागीदारीचा व्यवहार कोणालाही नवा नाही. दोघांचे माग एका छपराखाली आले म्हणून लहान कारखानदाराचा धंदा बुडाला, असे कोणी म्हणत नाही. सामाईक कारखान्यात त्याचा हिस्सा किती, एवढाच प्रश्न उरतो. कंपन्यांच्या विलीनीकरणाचे तत्त्वही हेच आहे. तथापि कंपनीचे नाव नाहीसे झाले की तिची प्रमाणपत्रे रद्दी समजली जाण्याचा धोका असतो. यास्तव हा हिशेब प्रत्येकाने समजून घेणे इष्ट होय.

सत्यमचे उदाहरण

हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही संगणक क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेबातील अफरातफरीची कबुली दिली आणि समभागाचा भाव एकाच दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला. केंद्र शासनाने नवे संचालक मंडळ नेमले. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्र या कंपनीची निवड होऊन सत्यमचा कारभार तिच्याकडे गेला. मार्च २०१२ मध्ये विलीनीकरणाची योजना जाहीर झाली व जून २०१३ मध्ये ती अमलात आली. सत्यमच्या १७ समभागांमागे टेक महिंद्रचे २ समभाग, असे प्रमाण ठरले.

हिशेबाची रीत

संख्या १७ वरून २ वर आली म्हणजे नुकसान झाले, असा समज करून घेऊ नये. संख्येला भावाने गुणल्यावरच मूल्य कळते. समजा, त्या वेळी टेक महिंद्रचा भाव ८५० रुपये आहे. २ समभागांचे १,७०० रुपये होतात. त्यास १७ ने भागले असता सत्यमच्या एका समभागाचे मूल्य १०० रुपये येते.

आता बाजारात सत्यमचा समभाग ९२ रुपयांस मिळत असेल, तर उरलेले ८ रुपये हा बिनधोक नफा नव्हे. न्यायालयाची मंजुरी लांबणे, योजना फिसकटणे अथवा दरम्यान मोठ्या कंपनीचाच भाव उतरणे, या जोखमींची ती किंमत असते. सत्यमच्या बाबतीत योजना जाहीर झाल्यापासून पंधरा महिने वाट पाहावी लागली.

पुढील बदलही जमेस धरावेत

२०१५ मध्ये टेक महिंद्रने एका समभागास एक बक्षीस समभाग दिला आणि १० रुपये दर्शनी किमतीच्या समभागाचे ५ रुपयांचे दोन भाग केले. अशा वेळी संख्या वाढते, पण भाव त्याच प्रमाणात उतरतो; त्यामुळे केवळ या बदलाने संपत्ती वाढत नाही. तरीही जुन्या प्रमाणपत्राचा हिशेब करताना हे बदल विसरून चालत नाही.

घरात सत्यमच्या १७० समभागांचे जुने प्रमाणपत्र सापडले असे मानू. विलीनीकरणाने त्याचे २० समभाग झाले, बक्षिसाने ४० आणि विभाजनाने ८०. भाव १,५०० रुपये धरल्यास मूल्य १ लक्ष २० हजार रुपये होते. प्रमाणपत्रावरील दर्शनी किंमत मात्र अवघी ३४० रुपये असते! त्यानंतर आणखी काही बदल झाला आहे काय, हे कंपनीच्या कागदपत्रांवरून पाहावे.

हक्क कसा मिळवावा

लाभांश सलग सात वर्षे उचलला गेला नाही, तर ते समभाग केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथे गेलेला हक्क बुडत नाही. धारकास अथवा वारसास विहित अर्ज करून ते परत मागता येतात आणि अर्जास शासकीय शुल्क नाही. तसेच १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे हस्तांतरण बंद झाले असल्याने डीमॅट खाते आवश्यक आहे.

वाडवडिलांच्या पेटीतील असे प्रमाणपत्र टाकून देण्यापूर्वी, किंवा मध्यस्थाच्या सांगण्यावरून त्यावर सही करण्यापूर्वी, प्रमाण, संख्या आणि आजचा भाव या तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. शिक्षकांनी त्रैराशिक शिकविताना हेच उदाहरण घेतल्यास मुलांकरवी हा हिशेब घरोघरी पोहोचेल.