मे महिन्यात दरी, जुलैत धार

युंगफ्राउयोखची ट्रेन पकडायची, बर्फात फोटो काढायचे आणि संध्याकाळी इंटरलाकेनला परत. आपल्याकडच्या बऱ्याच टूर्समध्ये स्वित्झर्लंडचा हा दिवस ठरलेला असतो. ३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनाचं अप्रूप आहेच. डोंगर पोखरून नेलेली ही रेल्वे १९१२ पासून चालू आहे. पण सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाने परतीच्या वाटेवर मधल्याच एखाद्या स्टेशनात उतरून चालू लागावं, असं मला मनापासून वाटतं. खिडकीतून दिसणाऱ्या त्या हिरव्या उतारांवर सगळीकडे पायवाटा आहेत, आणि बहुतेक आपल्या आवाक्यातल्या आहेत.

अडचण असते ती सुट्टीची. आपली सुट्टी मेमध्ये, आणि मेमध्ये दोन हजार मीटरच्या वर बर्फ असतो, काही रोपवेही देखभालीसाठी बंद असतात. वरच्या वाटा मोकळ्या होतात त्या जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन आपल्या पावसाळ्यात. शाळकरी मुलं बरोबर नसतील तर जुलै किंवा ऑगस्टच निवडा. मे सोडून जमणारच नसेल तर वर जायचा हट्ट धरू नका, दरीत चाला.

दरी म्हणजे लाउटरब्रुनेनची. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर सपाट तळ, दोन्ही बाजूंना उभे कातळकडे आणि त्यावरून कोसळणारे धबधबे. गावाला खेटून पडणारा श्टाउबबाख जवळजवळ तीनशे मीटरचा आहे. वितळणाऱ्या बर्फामुळे मे-जूनमध्ये हे सगळे भरात असतात. गावापासून श्टेखेलबेर्गपर्यंत सहा-सात किलोमीटरची सपाट वाट आहे. आजी-आजोबाही आरामात चालतील. वाटेत ट्रुमेलबाख लागतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून घुसळत खाली येतं. तिकीट काढून आत जायचं. तुषार अंगावर येतात आणि आत चांगलाच गारठा असतो, तेव्हा विंडचीटर सॅकच्या तळाशी नको, वरच ठेवा.

जुलैत गेलात तर पहिल्या दिवशी मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग चाला. रोपवेने वर पोचायचं आणि हलक्या उताराने सव्वा-दीड तासात शाइडेगच्या स्टेशनात उतरायचं. तिन्ही शिखरं सतत समोर असतात. दुसऱ्या दिवशी आयगर ट्रेल. माझ्या मते या भागात एकच वाट चालायची असेल तर ती हीच. आयगरग्लेचर स्टेशन २,३२० मीटरवर, आल्पिग्लेन १,६१६ मीटरवर; मधलं अंतर सहाएक किलोमीटर. वाट आयगरच्या उत्तर भिंतीच्या पायथ्यालगत आडवी जाते. मान पूर्ण मागे टाकली तरी सुमारे अठराशे मीटरच्या त्या कातळाचा माथा नीट दिसत नाही. १९३८ साली दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन गिर्यारोहकांनी ही भिंत पहिल्यांदा सर केली, ती कुठून, हे खालून शोधण्यात अर्धा तास सहज जातो. पायाखाली बारीक घसारा असतो आणि जुलैच्या सुरुवातीला घळींमध्ये बर्फाचे पट्टेही सापडू शकतात. सातशे मीटरचा उतार गुडघ्यांवर येतो, म्हणून काठ्या हव्यातच आणि बुटांचे सोल झिजलेले नकोत.

आपल्याकडे दगडावरचे बाण शोधत जावं लागतं. इथे फाट्या-फाट्यावर पिवळ्या पाट्या आहेत. त्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. ती न थांबता चालण्याची वेळ आहे, तेव्हा फोटो आणि डबा धरून दीडपट मोजा. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट: अरुंद, कुठे कुठे दृष्टिभय असलेली, नेहमीच्या ट्रेकरला जमणारी. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर मागे फिरा. तिथे हिमनदी, घसरडे उतार किंवा कातळारोहण असू शकतं.

वाटा गुरांच्या कुरणांतून जातात. कुंपणाच्या तारेत वीज असते. वाटेवर आडव्या तारेला प्लॅस्टिकची मूठ असते; मुठीला धरून आकडा काढायचा, पलीकडे जायचं आणि आठवणीने परत अडकवायचा. वासरू कितीही गोड दिसलं तरी जवळ जाऊ नका, गाय अंगावर येते. वाट सोडून लांबून वळसा घातला तरी चालेल.

वेळेच्या बाबतीत मात्र कडक राहा. उन्हाळी दुपारी ढग भराभर चढतात आणि गडगडाट सुरू होतो. सकाळी आठच्या आत निघा, दोनपर्यंत धारेवरून खाली या. शेवटचा रोपवे किती वाजता आहे ते वर चढतानाच बघून ठेवा. उजेड रात्री नऊपर्यंत असला तरी रोपवे तोवर थांबत नाही. हेलिकॉप्टर बचावसेवेचा नंबर १४१४, सर्वसाधारण आपत्कालीन नंबर ११२. प्रवासविम्यात डोंगरातला बचाव धरलाय का आणि उंचीची अट काय आहे, हे मुंबई-पुण्यातच वाचून घ्या.

खाण्याचा खर्च जबर असतो. ठेपले, चटणी, खाकरा, गूळपोळी (तेलावरची) बरोबर न्या. पेढे-बर्फी आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. गावातल्या कारंज्यांचं पाणी बिनधास्त भरा, फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तिथे नको.

पाय तयार असतील आणि आकाश स्वच्छ असेल तर तिसऱ्या दिवसासाठी श्यिनिगे प्लाटे ते फिर्स्ट राखून ठेवा: सुमारे सोळा किलोमीटर, सहा तासांची चाल, मध्ये २,६८१ मीटरचा फाउलहोर्न आणि उतरताना बाखआल्पसे हे तळं. ढगांचा अंदाज असेल तर मात्र फिर्स्टहून तळ्यापर्यंतच जा. तासाभराची वाट आहे, आणि हवा फिरली तर तितक्याच वेळात रोपवेच्या स्टेशनात परत येता येतं.