विजेच्या गाडीतला मालडबा

१९१४ साली दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची आगगाडी आली. वाफेच्या गाडीला मालाचा डबा हवा तेव्हा जोडता येई. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. हिला पुढे इंजिन नाही, मोटारी डब्यांखालीच. डबे घडोघडी सोडता-जोडता येत नाहीत. मग कोळणीची पाटी न्यायची कशी? त्यासाठी लोकलमध्ये उतारूंच्या डब्यातच मालाचा खण असतो. बाके थोडी, मधली जागा मोकळी. डबेवाल्यांचे लांब खोकेही यातूनच जातात. गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट! आमच्या मते गाडीत सर्वांत कष्टाची जागा हीच. इंदापूर-बारामतीचा कोणी भाजी घेऊन मुंबईत लोकलने निघाला, तर त्याने डब्यावरची पाटी वाचावी. ओझे जास्त असल्यास वेगळे तिकीट काढावे. रिकाम्या हाताने तेथे चढल्यास दंड होतो.